सेन्सर गप्प का आहे? (लेखांक ७)

मागच्या आठवड्यात आपण एमपीयू-६०५० हा गती मोजणारा सेन्सर आर्डुइनो ऊनोला जोडला. चार वायरी: वीज, ग्राउंड, एसडीए ए-४ला आणि एससीएल ए-५ला. प्रोग्राम चढवून सिरियल मॉनिटर उघडला की कुणाला नुसती शून्यं दिसतात, तर कुणाला सगळीकडे उणे एक. इथे बहुतेक जण लगेच प्रोग्राम खरडायला घेतात. माझा आग्रह आहे, अजून त्याला हात लावू नका. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

उणे एक म्हणजे सेन्सरकडून काही आलंच नाही. वाचायला बाइट नसला की आर्डुइनोची वायर लायब्ररी उणे एक हातात ठेवते. तेव्हा आधी हजेरी घ्या. फिलिप्स कंपनीने १९८२मध्ये आणलेली आय-टू-सी पद्धत हजेरीवरच चालते. मायक्रोकंट्रोलर एक पत्ता पुकारतो आणि ज्याचा तो पत्ता, तो घड्याळाच्या नवव्या ठोक्याला डेटाची तार खाली ओढून ‘हजर’ म्हणतो. आय-टू-सी स्कॅनर हा छोटा प्रोग्राम सगळे पत्ते एकामागून एक पुकारतो. आपल्या सेन्सरचा पत्ता हेक्समध्ये ६८. एडी-शून्य ही पिन ३.३ व्होल्टला जोडलेली असेल, तर ६९.

कुणीच हजर नसेल, तर वायरी तपासा. एसडीए-एससीएलची अदलाबदल नेहमीचीच. पण मला सर्वांत जास्त वेळा भेटलेला दोष पिनांचा आहे. सेन्सरच्या निळ्या बोर्डासोबत पिनांची पट्टी बहुधा सुटी येते. भोकांत खोचली की ती घट्ट बसल्यासारखी वाटते, पण सोल्डर केल्याशिवाय तिचा भरवसा नाही. बोर्ड बोटाने दाबून धरा आणि स्कॅनर चालवा. दाबल्यावर ६८ उमटला आणि सोडल्यावर गेला, तर दोष सापडला. चांगला सांधा चकचकीत असतो, सोल्डर पिनेवर शंकूसारखं चढलेलं दिसतं. वर नुसता गोळा बसला असेल, तर पुन्हा गरम करा.

आता शून्यं. ६८ हजर आहे आणि तरी शून्यंच येतात, तर सेन्सर झोपलेला आहे. वीज मिळाल्यावर तो निद्रावस्थेतच सुरू होतो. हेक्स ६बी या रजिस्टरमध्ये शून्य लिहिलं की जागा होतो. मग बोर्ड टेबलावर सपाट ठेवून झेड अक्ष वाचा. १६३८४च्या आसपासचा आकडा येईल. मूळ सेटिंगमध्ये तो म्हणजे एक जी, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण! बोर्ड उलटा करा, तोच आकडा उणे होईल. हा क्षण घाईत घालवू नका.

हजेरी लागते, तरी लायब्ररी जोडणी फसल्याचं सांगते? मग हेक्स ७५ हे ओळखीचं रजिस्टर वाचा. एमपीयू-६०५० तिथे ६८ सांगतो, पत्ता ६९ असला तरीही. ७० आलं, तर बोर्डावर एमपीयू-६५०० आहे. वायरी ठीक आहेत, लायब्ररी बदला.

आणि चालता चालता मध्येच अडकला, तर रीसेटचं बटण पुरत नाही. त्याने सेन्सरची वीज जात नाही. अर्धवट राहिलेला बाइट धरून तो डेटाची तार खालीच ओढून बसतो. यूएसबी केबल काढा, क्षणभर थांबा, परत लावा.

पुढच्या आठवड्यात: स्थिर ठेवलेला जायरोही शून्य का दाखवत नाही?