दोषसंकेत आणि रेवदंड्याची खारी हवा

मोटारीच्या चालकापुढील फलकावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा तुम्ही पाहिला असेल. तो पेटून राहिला, की गॅरेजमधला वायरमन स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो आणि त्यावर एक संकेतांक उमटतो. उदाहरणार्थ, पी ०११८. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली. भारतात ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली.

पी ०११८ हा संकेतांक इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाविषयी आहे. तो दिसताच पुष्कळ जण नवा सेन्सर आणून बसवतात. पैसे जातात आणि कधी कधी दिवा पुन्हा लागतो. असे का व्हावे?

गाडीतल्या संगणकाला सेन्सर दिसत नाही. त्याला कळतो फक्त तारेवरचा विद्युत्‌दाब. संगणक ५ व्होल्टचा दाब एका ठरावीक रोधातून सेन्सरकडे पाठवतो. सेन्सर हाही एक रोधच. मात्र तो तापला की त्याचा रोध घटतो. अनेक गाड्यांत २० अंश सेल्सिअसला तो सुमारे २,५०० ओहम, तर ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास असतो. म्हणजे इंजिन थंड असता तारेवरचा दाब जास्त, तापल्यावर कमी. आता समजा, तार मध्येच तुटली. प्रवाह थांबला, दाब जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट झाला. संगणक हिशेब करतो, की पाणी उणे ४० अंशांवर आहे! हे अशक्य म्हणून तो संकेतांक नोंदवतो. तेव्हा पी ०११८ चा खरा अर्थ 'या तारेवर दाब फार जास्त आहे' एवढाच. दोष सेन्सरचा, तारेचा की जोडणीच्या कपलरचा, हे आपण शोधायचे.

रेवदंड्यात संशय आधी कपलरवर घ्यावा. कुंडलिका नदी येथे अरबी समुद्राला मिळते. फुटणाऱ्या लाटांचे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर गावात येतात, पाणी उडून जाते आणि मीठ उरते. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली, की ते मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते, तसेच हे. खारा ओलावा आणि शेजारी दोन वेगळे धातू, म्हणजे झाला की छोटासा विद्युत्‌घट! तांब्यावर हिरवट पूड चढते आणि तिचा रोध वाटेत आडवा येतो.

परीक्षा सोपी आहे, पण ती जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. सेन्सरचा कपलर काढून त्यातल्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या. स्कॅनरवरचे तापमान एकदम वरच्या टोकाला गेले, तर तारा शाबूत आहेत. सेन्सर किंवा त्याच्या पिना तपासा. आकडा हललाच नाही, तर नवा सेन्सर घेऊन काय उपयोग?

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच संकेतांक एकदम आले, तर अर्थ पाहावी. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला आणि इंजिनाला जोडलेले असते. सेल्फ मारताना १५० अँपिअर प्रवाह गेला आणि गंजलेल्या अर्थचा रोध अवघा ०.०१ ओहम असला, तर ओहमच्या नियमाने १.५ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. एवढा लहान रोध साधा मीटर दाखवत नाही. म्हणून मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावतात आणि सेल्फ मारतात. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आला, तर जोड खराब.

दुरुस्तीला पॉलिश पेपर पुरतो. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवून जोड चकचकीत घासायचा, नट घट्ट आवळायचा आणि मग वरून व्हॅसलिन लावायचे. स्कॅनरवरून संकेतांक पुसायचा तो त्यानंतर. पिवळ्या वेष्टणातल्या तारांना मात्र हात लावू नका. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.