पहिली टार्गेट रायफल घेताय? बॉक्सवरचा एफपीएस विसरा, हे बघा

१ ऑगस्ट २०२४. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं. तासाभरात मामाच्या मुलाचा मला व्हॉट्सअॅप मेसेज: "दादा, लिंक बघ. १००० एफपीएस आहे. स्कोपपण फ्री. घेऊ का?"

तो तेव्हा अकरावीत होता. मामांनी उसाच्या बिलातले १५ हजार बाजूला ठेवायचं कबूल केलेलं. घरात "मशीनचं कळणारा" मी एकटा इंजिनिअर, म्हणून निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी काय केलं? फोन घेताना करतो तेच. चार टॅब उघडले, स्पेसिफिकेशन शेजारी शेजारी लावले आणि सगळ्यात मोठा आकडा असलेली रायफल मागवली.

रेंजवरच्या प्रशिक्षकांनी ती दोनदा चालवून बघितली आणि शांतपणे खाली ठेवली. म्हणाले, "बंदूक वाईट नाही. पण पोरगं हिच्यावर टार्गेट शिकणार नाही." मामांचे पैसे माझ्या चुकीमुळे अडकले. तुमचे अडकू नयेत म्हणून हा लेख.

आधी हे ठरवा: .१७७ की .२२?

टार्गेट शूटिंगमध्ये रायफलचे दोन मुख्य प्रकार आहेत.

१० मीटर एअर रायफल: कॅलिबर ४.५ मिमी, म्हणजेच .१७७. दारू नाही, फक्त दाबलेली हवा. बोअर ४.५ मिमीपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत, या दोन्ही मर्यादांत बसणाऱ्या एअर रायफलला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही.

५० मीटर रायफल: कॅलिबर ५.६ मिमी, म्हणजे .२२ लाँग रायफल. स्वप्नीलचा प्रकार हा. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं, तेही .२२ वर. पण हे बंदुकीच्या दारूचं शस्त्र आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना हवा, त्यासाठी वय २१ पूर्ण हवं आणि आपल्या जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. त्याआधीच्या वयात सराव करायचा तर मान्यताप्राप्त संस्थेत, देखरेखीखाली.

म्हणजे पहिली रायफल कोणती, याचं उत्तर जवळजवळ ठरलेलं आहे: .१७७ एअर रायफल.

"पण यूट्यूबवर तर घरीच गोळ्या ओततात!"

हा प्रश्न भावानं विचारलाच. अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये लोक शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओततात आणि स्वस्तात सराव करतात. आपल्यासाठी हा मार्ग दोन कारणांनी बंद आहे.

पहिलं कारण कायदा. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. आणि कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. "मी फक्त शिसंच ओतलं" हा बचाव होत नाही.

दुसरं कारण तांत्रिक. .२२ हे रिमफायर काडतूस आहे. ठिणगी पाडणारं मिश्रण त्याच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि पिन ती कडाच चेपते. मोठ्या सेंटरफायर काडतुसासारखी त्याची टोपी बदलून ते पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे ओतीव गोळ्यांचा जो स्वस्ताईचा हिशोब व्हिडिओत दिसतो, तो .२२ ला मुळात लागूच होत नाही.

एअर रायफलच्या छर्र्याचंही तसंच. तो डमरूच्या आकाराचा, मागून पोकळ असतो. मॅच दर्जाच्या छर्र्यांच्या डबीवर डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत छापलेला असतो. एवढी एकसारखी वस्तू घरच्या चुलीवर होत नाही. आणि वितळलेल्या शिशाची वाफ व धूळ शरीराला घातक, ते वेगळंच.

एफपीएसचं गणित

एफपीएस म्हणजे छर्रा नळीतून बाहेर पडताना सेकंदाला किती फूट जातो. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसारखा हा आकडा बॉक्सवर ठळक असतो, कारण तो विकायला सोपा जातो.

आता ऊर्जा काढू. सूत्र शाळेतलंच: वस्तुमानाचं अर्ध गुणिले वेगाचा वर्ग. मॅच छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा. १००० एफपीएस म्हणजे सेकंदाला ३०५ मीटर. उत्तर येतं २४.६ ज्यूल, म्हणजे २० च्या मर्यादेबाहेर! ०.५३ ग्रॅमच्या छर्र्याला ही मर्यादा ९०० एफपीएसलाच गाठली जाते.

मग "परवाना नको" आणि "१००० एफपीएस" एकाच बॉक्सवर कसं? छर्रा ०.३५ ग्रॅमचा हलका मिश्रधातूचा घेतला की त्याच वेगाला ऊर्जा १६ ज्यूलच येते. म्हणजे आकडा खरा असू शकतो, पण तो तुम्ही वापरणारच नाही अशा छर्र्याचा. दोन्ही दावे एकाच छर्र्यावर खरे आहेत का, हे विक्रेत्याला लेखी विचारा.

आणि ऑलिंपिकच्या एअर रायफलचा वेग किती? सेकंदाला सुमारे १७० ते १७५ मीटर, म्हणजे ५६० एफपीएसच्या आसपास. ऊर्जा जेमतेम ८ ज्यूल. जगातल्या सर्वोत्तम १० मीटर रायफली माझ्या "१००० एफपीएस"वालीपेक्षा कितीतरी मंद आहेत. हे मला मागवण्याआधी कळायला हवं होतं.

मग महत्त्वाचं काय? सातत्य

१० मीटरच्या टार्गेटवर १० गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो. पुढची प्रत्येक रिंग २.५ मिमी बाहेर.

१७२ मीटर वेगाचा छर्रा १० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणानं साधारण १७ मिमी खाली येतो. हे अंतर दर वेळी तेवढंच राहिलं तर काही अडचण नाही, साइट त्यानुसार लावता येते. पण एखादा छर्रा १० टक्के मंद सुटला, तर तो आणखी ४ मिमी खाली जातो. म्हणजे नेम अचूक असूनही दीड रिंग गेली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरचा सरासरी वेग बघून खूश होत नाही, प्रत्येक रिक्वेस्टला किती फरक पडतो ते बघतो. रायफलचंही तसंच: वेग किती यापेक्षा तो दर वेळी सारखा आहे का, हे बघायचं.

स्प्रिंग की पीसीपी?

स्प्रिंग: नळी मोडून किंवा बाजूची दांडी ओढून स्प्रिंग ताणायची. ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे सुटतो आणि हवा दाबतो. किंमत पाच-सात हजारांपासून, देखभाल सोपी. अडचण अशी की पिस्टनचा धक्का छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बसतो. रायफल प्रत्येक वेळी अगदी तशीच धरली नाही तर छर्रा वेगळीकडे जातो. स्प्रिंग जितकी ताकदवान तितका धक्का मोठा. म्हणजे मी जास्त पैसे देऊन जास्त धक्का विकत घेतला होता!

पीसीपी: सिलिंडरमध्ये आधीच भरलेली हवा, मॅच रायफलमध्ये साधारण २०० बारपर्यंत. रेग्युलेटर दर शॉटला सारखाच दाब पुढे सोडतो. धक्का जवळजवळ नाही. स्पर्धेत हीच चालते. पण नव्या जर्मन मॅच रायफलींची किंमत लाखांत जाते, आणि हवा भरायची सोय लागते. हातपंपानं २०० बार गाठताना घाम निघतो, त्यामुळे घराजवळ कुठे भरून मिळते ते आधी शोधा.

स्कोप "फ्री" मिळतोय? नको

१० मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्कोप चालत नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे गोल रिंगची साइट लागते. नवशिक्यांसाठी बऱ्याच स्पर्धांत ओपन साइटचा वेगळा गट असतो. म्हणून रायफलवर पीप साइट बसवायची सोय आहे का, हे विचारा. माझ्या रायफलवर ती नव्हती.

साइटमधली चूक किती महागात पडते बघा. दोन साइटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर धरलं, तर पुढची साइट केसाएवढी, ०.१ मिमी हलली की टार्गेटवर सव्वा मिमीचा फरक पडतो. त्यामुळे हलका, स्वच्छ सुटणारा ट्रिगर आणि खांद्याला-गालाला जुळवता येणारा दस्ता हे वेगापेक्षा जास्त कामाचं.

पैसे या क्रमानं घाला

१. आधी रेंज. कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर नेमबाजांच्या पिढ्या घडल्या. तुमच्या जवळच्या क्लबमध्ये दोन-तीन महिने तिथलीच रायफल वापरा. आवड टिकते का ते कळतं, आणि उंची-हाताला काय जुळतं तेही.

२. मग छर्रे. चांगल्या छर्र्यांवर साधी रायफलही सुधारते. उलटं होत नाही.

३. मग रायफल, शक्यतो वापरलेली. मोठे नेमबाज रायफल बदलतात तेव्हा जुनी क्लबमध्येच विकतात. पीसीपी असेल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. युरोपियन कंपन्या सिलिंडरला साधारण १० वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा.

४. घेण्याआधी चाचणी. रायफल टेकूवर ठेवून १० मीटरवर एकाच बिंदूवर ५ छर्रे मारा. सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा. उत्तर ५ मिमीच्या आत आलं, तर रायफल तुम्हाला १० गुणांपासून अडवत नाही. पुढचं तुमच्या हातात.

हे विसरू नका

परवाना लागत नाही म्हणजे खेळणं नाही. छर्रा डोळा घालवू शकतो, म्हणून चष्मा आणि मागे भक्कम आडोसा हवाच. रायफल भरलेली आहे असंच समजून वागा, नळी कधीही माणसाकडे नको. पक्ष्यांवर चालवणं क्रूर आहे, आणि वन्यजीव कायद्याखाली गुन्हाही. नेताना बॅगेत बंद करून न्या. रंकाळ्यावर हातात घेऊन रील काढाल तर पोलीस थांबवणारच. छर्रे शिशाचे असतात, सराव झाला की साबणानं हात धुवूनच डब्याला हात लावा.

भावानं पुढे क्लबची जुनी रायफल वापरून सुरुवात केली. १००० एफपीएसवाली मामांच्या कपाटावर आहे. स्कोप काढून तो त्यातून चंद्र बघतो, आणि मी घरी गेलो की मामा न चुकता विचारतात, "इंजिनिअर, यंदा कुठला आकडा मोठा आहे?"

मी आता उत्तर देण्याआधी विचारतो, "मामा, आधी रेंजवर जाऊन हातात घेऊन बघितलं का?"