आडतीची पट्टी आणि गाडीची किल्ली

नांदेड-लातूरकडच्या मोटारींच्या शोरूमचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात मोंढ्यातून करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. गाडी कोणत्या कंपनीची, तिचा विक्रेता कोण, हे नंतर येतं. आडतीवर सोयाबीन, तूर, हळद विकून हातात पट्टी पडली, कारखान्याकडून उसाचा हप्ता जमा झाला, अर्धापूरच्या केळीला भाव लागला, की मग शोरूमच्या दारात माणसं दिसू लागतात. या दोन जिल्ह्यांत जे विक्रेते दोन-तीन पिढ्या टिकले, ते हे गणित पाठ करूनच टिकले.

पूर्वी मात्र गाडी 'घ्यायला जाणं' हा एक प्रवासच होता. 1948 च्या 17 सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. व्यापार, शिक्षण, कोर्टकचेरी, सगळ्यासाठी तोंड हैदराबादकडं. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि ते तोंड हळूहळू मुंबई-पुण्याकडं वळलं. खासगी मोटार तेव्हा मोठा डॉक्टर, नामांकित वकील, तालेवार आडत्या यांच्याच दारात. पर्यायही मुख्यतः दोनच, अॅम्बेसेडर नाहीतर फियाट. फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती आपल्या शेजारच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, 1944 मध्ये. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. त्या काळात गाडीवाल्याचा खरा आधार विक्रेता नव्हताच, मिस्त्री होता. पार्ट मिळाला नाही तर घासून, ठोकून, दुसऱ्या गाडीचा बसवून तो गाडी रस्त्यावर आणायचा. पुढं शोरूम आल्या तेव्हा त्यांच्या वर्कशॉपना कामाची माणसं याच गॅरेजांतून मिळाली.

1983 च्या 14 डिसेंबरला दिल्लीत पहिल्या मारुती 800 ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. किंमत साडेसत्तेचाळीस हजार, बुकिंगला दहा हजार. लातूर त्याआधी वर्षभरच, ऑगस्ट 1982 मध्ये, उस्मानाबादपासून (आताच्या धाराशिवपासून) वेगळा होऊन जिल्हा झालेला. जिल्हा झाला की कचेऱ्या येतात, बदलीचे अधिकारी येतात, कंत्राटदार येतात, आणि त्यांच्यामागं गाड्या येतात. नांदेड आणि लातूर दोन्हीकडं मुख्यमंत्रिपदंही आली: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. पुढाऱ्याच्या ताफ्यातली गाडी गावानं पाहिली की तसलीच आपल्याकडं असावी असं कुणाला तरी वाटतंच. पण सामान्य माणसाचा गाडीशी संबंध मारुतीमुळं आला, असं म्हणणं खरं होणार नाही. तो आला जीपमुळं.

एसटी जिथं दिवसातून एकदा जायची, किंवा जातच नव्हती, तिथं काळी-पिवळी जायची. महिंद्राची कमांडर, मार्शल, बजाज टेम्पोची ट्रॅक्स. आत नऊ-दहा, मागं पायरीवर चार, टपावर पोती. मुखेड, कंधार, किनवट, अहमदपूर, जळकोट, कुठल्याही फाट्यावर हे चित्र होतं. त्यात धोका होता आणि अपघातही झाले, हे विसरता येत नाही. पण दोन-तीन एकरांवर भागत नाही म्हणून ज्या पोरानं गाडी काढली, त्याच्या घरात रोजचा पैसा पहिल्यांदा तिनं आणला. कुणी बैलजोडी विकली, कुणी बायकोचे दागिने मोडले आणि डाउन पेमेंट भरलं. आमच्याकडच्या विक्रेत्यांचा पाया या गिऱ्हाइकानं घातला. त्याला गाडीचा रंग नको होता. अॅव्हरेज किती, पाटा किती वजन सोसतो, क्लचप्लेट कितीला पडते आणि गाडी बंद पडली तर किती दिवसांत मिळेल, एवढंच तो विचारायचा. पुढं 2005 मध्ये टाटा एस आली. 'छोटा हत्ती' या नावानं ती भाजीबाजारापासून मंडपवाल्यापर्यंत पोचली, तेव्हाही प्रश्न हेच होते.

1993 हे वर्ष इथं दोन अर्थांनी लक्षात राहिलं. मोटारींच्या उत्पादनावरचं परवान्याचं बंधन त्याच वर्षी उठलं. आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, गावंच्या गावं नव्यानं वसवावी लागली. परवान्याचं बंधन उठल्यावर पुढच्या पाच-सात वर्षांत सुमो, सँट्रो, इंडिका, बोलेरो आल्या. नंबर लावून वाट पाहण्याचे दिवस संपले. आता विक्रेता गिऱ्हाइकाच्या मागं जाऊ लागला.

पण सगळ्यात मोठा बदल आला तो फायनान्सवाल्याच्या टेबलाबरोबर. पूर्वी रोख, नाहीतर ओळखीच्या बँकेत खेटे. आता शोरूममध्येच सातबारा, आठ-अ, दोन जामीनदार, कोरे चेक, सह्या. आरसी बुकावर बोजा चढला की गाडी दारात. यानं हजारो घरांत गाडी आली, हे मान्यच. पण हप्ते महिन्याचे आणि पीक सहा महिन्यांचं, ही तफावत फार थोड्यांनी मनावर घेतली. पाऊस हुकला की तीन हप्ते थकतात आणि चौथ्या महिन्यात वसुलीची माणसं गाडी ओढून नेतात. ज्या विक्रेत्यांनी फायनान्सवाल्यांकडून सहामाही हप्ते बांधून घेतले, त्यांनी शेतकऱ्यावर मोठे उपकार केले असं मला वाटतं.

कर्जातला दुजाभाव तर मराठवाड्यानं उघड पाहिला. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या. सौदा पासष्ट कोटींचा, आणि स्टेट बँकेनं कर्ज दिलं 7 टक्क्यांनी. मागासलेला म्हणून हिणवल्या गेलेल्या भागाची ताकद दाखवण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्यातला अभिमान मी समजू शकतो. पण पत्रकार पी. साईनाथांनी तेव्हाच त्याच जिल्ह्यातल्या ट्रॅक्टरचं कर्ज शेजारी मांडून दाखवलं. त्याचा व्याजदर दुपटीहून जास्त होता. शेतात राबणारं वाहन महाग आणि मिरवायचं वाहन स्वस्त, हा हिशोब मला आजही बोचतो.

दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये एकदा उभं राहून पाहावं. सकाळी सातपासून झेंडूचे हार, नारळ, चाकाखाली ठेवायची लिंबं. अख्खं कुटुंब आलेलं असतं. म्हातारी आई बॉनेटवर हळदीकुंकवानं स्वस्तिक काढते, पोरं आत बसून सगळी बटणं दाबतात, सेल्समन पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढतो. पासिंगचा नंबर आधीच पसंत केलेला असतो. एमएच-24 असो की एमएच-26, पुढच्या आकड्यांची बेरीज शुभ यायला हवी. मग गाडी पहिली वळते ती देवाकडं. लातूरकर तुळजापूरला, नांदेडकर माहूरला, नाहीतर गावातल्याच सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकायला. याच गुरुद्वाऱ्यातल्या 2008 च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी नांदेडचे रस्ते रुंद झाले. अलीकडं नागपूर-तुळजापूर महामार्गानं ही दोन शहरं आणि तुळजापूर एका ओळीत आणली.

शोरूमची पुढची बाजू काचेची असते, पण जुनं दुकान चालतं ते मागच्या वर्कशॉपवर. वाईट वर्षांत हे कळतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली. त्याच नोव्हेंबरात नोटबंदी. 2017 च्या मार्चअखेर सर्वोच्च न्यायालयानं जुन्या प्रदूषण-निकषांच्या, म्हणजे बीएस-3 गाड्यांची विक्री थांबवली, तेव्हा देशभर दोन दिवसांत मिळेल त्या भावानं माल काढावा लागला. पाठोपाठ जीएसटी, 2020 मध्ये बीएस-6 आणि टाळेबंदी. अशा वर्षांत नवी गाडी विकली जात नाही, पण जुनी गाडी चालतच असते. ऑइल बदलावं लागतं, ब्रेक घासले जातात. आयटीआय करून हेल्पर म्हणून लागलेली, पुढं फोरमन झालेली माणसं गाडीचा नुसता आवाज ऐकून दोष सांगतात, आणि गिऱ्हाईक त्यांच्या भरवशावर दुसरी गाडीही तिथूनच घेतं.

2025 च्या 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, लहान मोटारींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरवरचा 12 वरून 5 वर. विक्रेत्यांनी वर्षभर वाट पाहावी असा मुहूर्त. आणि त्याच पंधरवड्यात लातूर, नांदेड, धाराशिव, बीडमध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहून कुजलं. गाडी स्वस्त झाली, पण पट्टीच हातात आली नाही. अशा दिवसांत वर्कशॉपला एकच निरोप पुन्हापुन्हा सांगावा लागतो: पाण्यात बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नका, इंजिनात पाणी ओढलं जाईल, कनेक्टिंग रॉड वाकेल, बॅटरीची वायर काढा, गाडी टोचन करून आणा, ऑइल आणि एअर फिल्टर आम्ही बघतो.