तऱ्हाळ्याचा नाणेनिधी आणि अस्सल नाण्याची पारख

वाशिम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातील तऱ्हाळा या गावी, ते जुन्या अकोला जिल्ह्यात मोडत असताना, 1939 मध्ये सातवाहन राजांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा सापडला आणि नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचे वाचन करून तो अभ्यासकांसमोर ठेवला. ही नाणी सोन्याचांदीची नसून पोटीनची, म्हणजे तांब्यात कथील व शिसे मिसळून केलेल्या हलक्या मिश्रधातूची होती; त्यांच्या एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूस अधिकाच्या चिन्हाच्या चारही टोकांना वर्तुळे असलेले, ‘उज्जैन चिन्ह’ म्हणून ओळखले जाणारे चिन्ह होते. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी अशा परिचित राजांबरोबर त्यांत कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी अशी तीन नावे निघाली, जी पुराणांतील राजांच्या याद्यांत आढळत नाहीत.

पुराणांना ठाऊक नसलेल्या राजाचे एखादे सुटे नाणे व्यापाऱ्याच्या डबीतून बाहेर आले असते, तर अभ्यासकांनी ते बनावट ठरवून बाजूला सारले असते आणि त्यांना दोष देणेही कठीण होते. कुंभ सातकर्णीला इतिहासात जागा मिळाली ती त्याची नाणी परिचित राजांच्या नाण्यांसोबत, त्याच धातूची, त्याच घडणीची आणि एकाच साठ्यात मिळाल्यामुळे. अस्सलपणाचा विचार करताना ही बाब सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते, कारण नाण्याची नक्कल करता येते, पण ते कोठे आणि कोणाच्या सोबतीने सापडले याचा पुरावा नकली नाण्याला सहसा जोडता येत नाही.

असा पुरावा नसेल तेव्हा नाण्याच्या अंगावरील खुणांचाच आधार उरतो. जुन्या टांकसाळीत धातूची चकती दोन ठशांमध्ये धरून वरून हातोड्याचा घाव घातला जाई. त्या दाबाने धातू कडेकडे सरके आणि अक्षरांच्या कडा धारदार उमटत. नकली नाणी बहुधा खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली असतात, त्यामुळे भिंगाखाली त्यांची अक्षरे बोथट दिसतात, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे आढळतात आणि कडेवर साच्याच्या दोन भागांचा सांधा कानशीने घासून मोडल्याच्या खुणा राहतात. मात्र प्राचीन काळीही काही नाणी ओतूनच केली जात, म्हणून ओतीव ते सारे खोटे असा सरसकट नियम लावता येत नाही.

हाताने पाडलेली दोन नाणी एकाच ठशाची असली तरी घाव कधी मध्यावर, कधी एका अंगाला बसत असल्याने तंतोतंत सारखी होत नाहीत. त्यामुळे दोन नाण्यांवर हत्ती सारखाच डावीकडे सरकलेला असेल, काठाची चीर एकाच जागी असेल आणि सोंडेजवळचा ओरखडाही जुळत असेल, तर त्यांपैकी निदान एक दुसऱ्यावरून ओतलेले आहे, किंवा दोन्ही एखाद्या तिसऱ्याची पिल्ले आहेत, असे निश्चित समजावे. शिवाय सातवाहनांचा ठसा चकतीपेक्षा पुष्कळदा मोठा असे, म्हणून ‘सातकणिस’ म्हणजे ‘सातकर्णीचे’ हा ब्राह्मी लेख एका नाण्यावर क्वचितच पूर्ण उमटतो आणि अनेक नाणी शेजारी ठेवून अक्षरे जुळवावी लागतात. आदि-अंतासह सुबक बसलेला लेख पाहून नवखा संग्राहक हरखतो, तेथेच जाणत्याला संशय येतो. उलट नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 मध्ये मिळालेल्या 13,250 हून अधिक नाण्यांपैकी 9,270 नाण्यांवर नहपान क्षत्रपाच्या छापावर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप मारलेली आहे, आणि अजाण माणसाला बिघडलेली वाटणारी ही दुहेरी छापच तेथे अस्सलपणाची खूण ठरते.

नाण्यावरचा गंजही तपासावा लागतो. मातीत शतकानुशतके राहिलेल्या तांब्यावर तांबूस थर आणि त्यावर हिरवा थर असा जमलेला चढ असतो व तो धातूशी एकजीव झालेला असतो. रसायनांनी चढवलेला हिरवेपणा ओल्या फडक्याने किंवा टाचणीच्या टोकाने निघून येतो.

वाशिम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या राजांनी नाणी पाडलीच नाहीत असे विद्वान दीर्घकाळ मानत आले, आणि पुढे पवनार परिसरातील काही लहान तांब्याची नाणी त्यांच्या नावे सांगितली गेली तरी त्यांविषयी मतभेद राहिले. ज्या घराण्याच्या नाण्यांबद्दल पंडितांचेच एकमत नाही, त्याचे ठळक नाव मिरवणारे सोन्याचे नाणे कोणी पुढे केले, तर तेवढ्यावरूनच सावध होणे शहाणपणाचे होय.

घरोघरी आढळणाऱ्या राणीछाप व राजाछाप रुपयांची तपासणी त्या मानाने सोपी आहे, कारण 1835 नंतरच्या यंत्रावर पाडलेल्या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम आणि चांदीचे प्रमाण 91.67 टक्के ठरलेले होते व 1940 मध्ये चांदी निम्म्यावर येईपर्यंत ते टिकले. पाण्यात तोलून घनता सुमारे 10.3 भरली नाही, तर धातूच वेगळा आहे. परंतु सहाव्या जॉर्जच्या 1939 च्या दुर्मीळ रुपयापुढे ही कसोटी लटकी पडते, कारण सहज मिळणाऱ्या 1938 च्या रुपयातील आठाच्या खालच्या वाटोळ्याची डावी बाजू कोरून त्याचा नऊ केला जातो, आणि वजन, धातू, आवाज सारे खणखणीत राहते. अशा वेळी केवळ शेवटच्या अंकाभोवतीची खरवड पाहायची असते. रामदरबार किंवा हनुमान यांच्या छापेचे, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि 1616 किंवा 1818 हे साल मिरवणारे ‘अर्धा आणा’ तर मुळात नाणीच नव्हेत. मद्रासकडे कंपनीने देवप्रतिमा असलेले सोन्याचे पॅगोडा खरोखर पाडले होते, पण या तांब्याच्या बिल्ल्यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. त्यांना लाखांचे मोल सांगून आगाऊ शुल्क उकळणाऱ्यांचे पेव इतके फुटले, की आपल्या नावाने कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2021 मध्ये द्यावा लागला.

सापडलेला साठा फुटू नये म्हणून 1878 चा निधी कायदा आहे आणि त्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. शासनाने असा निधी स्वतःकडे घेतला, तर धातूची किंमत आणि तिचा पाचवा हिस्सा एवढा मोबदला देण्याची त्यात तरतूद आहे. सोन्याच्या मोहरांना हा हिशेब कदाचित परवडेल, पण पोटीनच्या दीड हजार नाण्यांचा धातू मोडीत असा कितीसा भरणार, आणि नगामागे रोख मोजणारा व्यापारी दारात उभा असताना शेतकऱ्याने तालुक्याची वाट का धरावी, याचे उत्तर या कायद्यात नाही.