मूत्राशय कर्करोग

मूत्राशयाच्या आतील अस्तरातील कोशिकांची (पेशींची) अनियंत्रित वाढ होऊन उद्‌भवणाऱ्या मारक अर्बुदाला (कोशिकांच्या अत्यधिक वाढीमुळे निर्माण होणाऱ्या व शरीरास निरुपयोगी असलेल्या गाठीला) मूत्राशय कर्करोग म्हणतात. २०२२ साली जगात या रोगाचे सु. ६ लाख नवे रुग्ण आढळले. पुरुषांत त्याचे प्रमाण स्त्रियांच्या तीन ते चार पट असून बहुतेक रुग्ण उतारवयातील असतात.

कारणे : या रोगाच्या कारणांचा शोध रंगांच्या कारखान्यांतून लागला. फुक्सीन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या कामगारांना मूत्राशयाची अर्बुदे होत असल्याचे फ्रँकफुर्ट येथील शस्त्रक्रियातज्ज्ञ लूटव्हिख रेन यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले. पुढे १९३८ मध्ये व्हिल्हेल्म ह्यूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटा-नॅप्थिलअमाइन हे रसायन देऊन कुत्र्यांमध्ये हा रोग निर्माण केला. अशी ॲरोमॅटिक अमाइने श्वासावाटे किंवा त्वचेवाटे रक्तात शिरतात, वृक्कांतून (मूत्रपिंडांतून) गाळली जातात आणि मूत्र साठून राहते तेवढा वेळ अस्तराच्या सान्निध्यात राहतात. संपर्क व रोग यांत वीस किंवा त्याहून अधिक वर्षांचे अंतर पडू शकते. त्यामुळे कारखाना सोडल्यावर कित्येक वर्षांनी आजारी पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत मूळ कारण सहज दृष्टीआड होते.

हीच अमाइने तंबाखूच्या धुरातही असतात. धूम्रपान हे आज या रोगाचे सर्वांत मोठे कारण असून सु. निम्म्या रुग्णांत रोगाचा संबंध त्याच्याशी जोडता येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेले धूम्रपानाचे नाते सर्वज्ञात आहे; मूत्राशयाशी असलेले नाते सुशिक्षितांनाही फारसे ठाऊक नसते. ईजिप्तमध्ये शिस्टोसोमा या पर्णकृमीच्या दीर्घकालीन संसर्गातून शल्ककोशिकांचा निराळा कर्करोग उद्‌भवतो. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक हेही एक कारण आहे.

लक्षणे व निदान : वेदनारहित रक्तमूत्रता (मूत्रातून रक्त जाणे) हे प्रमुख लक्षण होय आणि तेच सर्वांत फसवेही आहे. रक्त एकदोनदा दिसते व आपोआप थांबते. दुखत नसल्याने रुग्ण निर्धास्त होतो. स्त्रियांत ते मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचे समजून प्रतिजैव औषधे वारंवार दिली जातात आणि निदान लांबते. रक्त थांबले याचा अर्थ रोग गेला असा नव्हे. पन्नाशीनंतर एकदाच रक्त दिसले तरी तपासणी अवश्य करावी. रक्तमूत्रता मूतखडा, अष्ठीला ग्रंथीची वृद्धी यांसारख्या इतर कारणांनीही होते, परंतु तो निर्णय तपासणीनंतरच करावयाचा असतो. माक्स निट्‌से यांनी १८७९ मध्ये पुढे आणलेल्या मूत्राशयदर्शकाचे आधुनिक रूप हेच निदानाचे मुख्य साधन आहे. श्राव्यातीत ध्वनिचित्रणात लहान अर्बुदे निसटू शकतात.

चिकित्सा : अर्बुद मूत्राशयभित्तीच्या स्नायुस्तरात शिरले आहे किंवा नाही, यावर चिकित्सा ठरते. सु. तीन चतुर्थांश रुग्णांत ते शिरलेले नसते. अशा वेळी मूत्रमार्गातून उपकरण घालून अर्बुद खरवडून काढतात व त्याचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करतात. ते पुन्हा उद्‌भवू नये म्हणून मूत्राशयात मायटोमायसीन किंवा बीसीजी सोडतात. क्षयप्रतिबंधक म्हणून घरोघरी परिचित असलेल्या बीसीजीचा हा उपयोग कॅनडातील आल्व्हारो मोरालेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. क्षीण केलेले जिवंत जंतू अस्तराला चिकटतात आणि त्यांच्यामुळे जागी झालेली शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा कर्ककोशिकांवरही हल्ला करते. प्रारंभी आठवड्यातून एकदा, असे सहा वेळा औषध देतात. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट या उपयोगासाठी बीसीजी तयार करते.

स्नायुस्तर ग्रासला गेल्यास शक्यतो सिसप्लॅटिनयुक्त औषधे देऊन नंतर संपूर्ण मूत्राशय काढतात. लहान आतड्याच्या तुकड्यातून मूत्र पोटावरील छिद्रावाटे पिशवीत नेतात किंवा आतड्याचाच नवा मूत्राशय बनवितात. पिशवीच्या धास्तीने शस्त्रक्रिया नाकारणारे रुग्ण आढळतात. वस्तुतः सरावानंतर बहुतेकांना प्रवास व नोकरी करता येते. निवडक रुग्णांत अर्बुद खरवडून किरणोत्सर्ग व औषधे एकत्र दिल्यास मूत्राशय वाचविता येतो. दूरवर पसरलेल्या रोगात २०१६ नंतर प्रतिरक्षा-चिकित्सेची औषधे उपलब्ध झाली आहेत.

मूत्राशय राखलेल्या रुग्णांत हा रोग वारंवार उलटतो. म्हणून प्रथम तीन महिन्यांनी व नंतर वाढत्या अंतराने मूत्राशयदर्शन करीत राहावे लागते. धोका अधिक असल्यास ते वर्षानुवर्षे चालू ठेवतात.