शॉकअप आधी, स्प्रिंग नंतर
लेखमाला : गाडीची चाल, भाग ७

नागपुरात कुणी सेकंडहँड पोलो जीटी घेतली की पहिला खर्च बहुतेकदा ठरलेला असतो. गाडी ‘खाली बसवायची’. लोअरिंग स्प्रिंगचा सेट येतो, मोठे अलॉय येतात, आणि टायर व मडगार्डमधली डोळ्यांना खुपणारी पोकळी भरून निघते. ही हौस मला कळते, कारण गाडीच तशी आहे. चाकणच्या कारखान्यातून २०१३ साली जीटी टीएसआय आली तेव्हा १.२ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनातून १०५ पीएस आणि सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एवढ्या लहान गाडीत मिळत होता. २०२२ साली पोलोचं उत्पादन थांबलं, तरी तिच्यावर जीव टाकणारे कमी झाले नाहीत. पण गाडी वळणावर चांगली चालावी हा हेतू असेल, तर लोअरिंग स्प्रिंगपासून सुरुवात करणं चुकीचं आहे. गेल्या आठवड्यात आपण टायर पाहिले. आज त्यांच्या वरचा मजला: स्प्रिंग, शॉकअप आणि स्टॅबिलायझर बार.

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, त्याला बॉडी रोल म्हणतात. कलणं कमी झालं की गाडी घट्ट वाटते, आणि घट्ट वाटली की पकड वाढली असं आपण धरून चालतो. इथेच गफलत होते, कारण गाडीचं कलणं वेगळं आणि तिचं वजन सरकणं वेगळं. समजा गाडी १,१०० किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर वर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांत १४६ सेंटिमीटर अंतर आहे. गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोर लागेल असं वळण घेतलं, तर १,१०० गुणिले ०.८ गुणिले ५५ भागिले १४६, म्हणजे सुमारे ३३० किलोचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. या गणितात स्प्रिंगचा कडकपणा कुठेही येत नाही. स्प्रिंग लोण्यासारखी मऊ असो की कडक, भार तेवढाच सरकणार. गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली तर तोच आकडा ३१३ च्या आसपास येतो. एवढ्या खटाटोपातून १८ किलो वाचले.

मग स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार ठरवतात काय? एक म्हणजे गाडी किती कोनात कलेल. कलण्याबरोबर चाकाचा रस्त्याशी असलेला कोनही बिघडतो, म्हणून रोल आवरण्याला अर्थ आहेच. दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, त्या ३३० किलोंपैकी किती पुढच्या चाकांकडे आणि किती मागच्या चाकांकडे जातील. ज्या टोकाचं सस्पेन्शन रोलला जास्त कडक, त्या टोकाच्या वाट्याला भाराची जास्त सरकासरक येते, आणि ते टोक आधी पकड सोडतं. म्हणून ‘सस्पेन्शन कडक करू का?’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. कुठलं टोक आधी सुटतंय, हे आधी पाहावं लागतं.

खाली बसवण्याचा आणखी एक तोटा गॅरेजमध्ये क्वचितच सांगितला जातो. पोलो, स्विफ्ट, आय-२० या सगळ्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात. गाडी खाली आली की लोअर आर्मचा कोन बदलतो आणि हे रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांब होते. नव्या स्प्रिंगचा बराचसा कडकपणा ही वाढलेली तरफ सांभाळण्यातच खर्च होतो. शिवाय चाकाला वर जायला जागा कमी उरते. वळणाच्या मधोमध खड्डा आला आणि सस्पेन्शन बंप स्टॉपच्या रबरावर आदळलं, की त्या क्षणी ते टोक एकदम दगडासारखं कडक होतं आणि तिथली पकड जाते. गाडी वळणात अचानक सरकली, तर दोष टायरला देण्याआधी बंप स्टॉपवरच्या खुणा पाहाव्यात.

आता नागपूरचे स्पीड ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोलाकार ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, त्याचा वक्र १७ मीटर त्रिज्येचा हवा, आणि तो २५ किलोमीटर वेगाने पार करता यावा. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे २.४७ मीटर अंतर आहे. असा नियमात बसणारा ब्रेकर दोन्ही चाकांच्या मध्ये आला तर तो गाडीच्या पोटाकडे साडेचार सेंटिमीटरच वर येतो, कारण चाकंही त्याच उंचवट्यावर चढलेली असतात. कारखान्यातून १६ सेंटिमीटरच्या पुढे ग्राउंड क्लिअरन्स घेऊन आलेली गाडी ३० मिलिमीटर उतरवली तरी तो सहज पार होतो. पण कॉलनीत लोकांनी रातोरात ओतलेला, हातभर रुंदीचा, उभ्या कडांचा ब्रेकर १० सेंटिमीटरचा असेल तर तो पुरते १० सेंटिमीटर खातो. त्यात चार माणसं बसून गाडी आणखी दबलेली, आणि ब्रेक मारल्याने नाक खाली गेलेलं. घर ते ऑफिस या वाटेवर असे किती ब्रेकर लागतात ते आधी मोजा, स्प्रिंगचं नंतर बघा.

आता शॉकअप. खरी चाल इथे आहे, आणि पैसेही आधी इथेच लागले पाहिजेत. स्प्रिंग वजन पेलते. दबली की ती उसळते, आणि ती उसळी आवरणं हे शॉकअपचं काम. चाक खड्ड्यात जाऊन परत रस्त्याला किती लवकर आणि किती शांतपणे टेकतं, हे शॉकअप ठरवतो. सुटलेल्या चाकाला पकड नसते, मग टायर कितीही महागाचे असोत.

आज बाजारात मिळणारी प्रत्येक पोलो जीटी वापरलेली आहे, आणि बऱ्याच गाड्यांवर कारखान्यातलेच शॉकअप आहेत. शॉकअप एका दिवसात मरत नाही. तो थोडा थोडा ढिला पडतो आणि चालवणाऱ्याला त्याची सवय होत जाते. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा हलते ते पाहायचं, ही परीक्षा आपल्याकडे सर्रास केली जाते, पण तिच्यात पूर्ण मेलेला शॉकअपच सापडतो. त्याहून बोलका पुरावा टायरवर असतो. तळहात ट्रेडवरून गोल फिरवा. ठिकठिकाणी खोलगट चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर टप्पे खात चाललंय. स्ट्रटच्या नळीवर तेलकट धूळ चिकटलेली असेल तर सील गेलं आहे. आणि उड्डाणपुलाचा जोड ओलांडल्यावर गाडीची मागची बाजू एकदा हलून थांबायच्या ऐवजी दोन-तीनदा डोलत राहिली, तर आणखी तपासायची गरज नाही.

अशा थकलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग चढवली की काय होतं, तेही आकड्यांत पाहू. स्प्रिंग ३० टक्के कडक केली आणि शॉकअप तोच ठेवला, तर डॅम्पिंगचं, म्हणजे उसळी आवरण्याचं, प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी घटतं. जो आधीच ढिला झालाय त्याच्यावर आणखी जोरात उसळणारी स्प्रिंग आपण लादतो. मालकाला पहिले पंधरा दिवस गाडी टणक वाटते, नंतर ती ‘टोचते’ आणि ‘उडते’ अशा दोन्ही तक्रारी एकदम सुरू होतात. दोन्ही खऱ्या असतात.

शॉकअप बदलायचेच असतील तर दोन जाती माहीत हव्यात. कारखान्यातून येतात ते बहुधा ट्विन ट्यूब: नळीत नळी, बाहेरच्या नळीत तेल आणि गॅस एकत्र. खडबडीत रस्त्यावर लांब पल्ला मारला की तेल तापतं, पातळ होतं, त्यात गॅस मिसळून फेस होतो आणि आवर सुटतो. मोनोट्यूबमध्ये एकच नळी असते आणि तरंगता पिस्टन तेल आणि उच्च दाबाचा गॅस वेगळे ठेवतो. उष्णता थेट बाहेरच्या हवेत जाते. बिलस्टाइन या जर्मन कंपनीने हे तंत्र १९५७ साली मर्सिडीज-बेंझसाठी मोठ्या प्रमाणावर उत्पादनात आणलं. ज्या शहरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तिथे उष्णता चांगली बाहेर टाकणारा शॉकअप चैनीचा म्हणता येणार नाही. पण बजेट आखडतं असेल तर चांगल्या बनावटीचे नवे ट्विन ट्यूबही जुन्यांच्या मानाने गाडी पालटून टाकतात, आणि सामान्य चालकाला तेवढं पुरतं.

इथे नागपूरच्या रस्त्यांची एक खासियत लक्षात घ्यायला हवी. शहरात आणि समृद्धी महामार्गावर सिमेंट काँक्रीट भरपूर आहे. अशा रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर आडवा जोड असतो. समृद्धीवर कारला १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला सातपेक्षा थोडे जास्त जोड. माणसाचं शरीर उभ्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपैकी सेकंदाला ४ ते ८ या टप्प्यातल्या हादऱ्यांना सर्वांत जास्त संवेदनशील असतं. आपण नेमके त्याच टप्प्यात चाललेलो असतो. शॉकअप दबताना फार कडक ठेवला, तर हे सातही धक्के तो बॉडीकडे पाठवतो. जालना येईपर्यंत कंबर बोलू लागते. म्हणून अ‍ॅडजस्टेबल शॉकअप घेतलेच, तर दबण्याचा कडकपणा मोकळा ठेवून उसळी परतताना आवरा. दोन्हींना एकच नॉब असलेल्या सेटमध्ये हे जमत नाही. विकत घेण्याआधी विचारण्याजोगा हा सर्वांत कामाचा प्रश्न आहे.

याच्याशी जोडलेली एक जुनी गोष्ट. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली हे इंजिनिअर अमेरिकेत कॅडिलॅकसाठी काम करत होते. त्यांनी दाखवून दिलं की मागचं सस्पेन्शन पुढच्यापेक्षा थोड्या जलद लयीचं ठेवलं तर गाडी नाक-शेपूट हलवत बसत नाही. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना नंतर. ६० च्या वेगात पोलोत हा फरक सेकंदाचा सातवा हिस्सा असतो. मागची लय जलद असेल तर ती पुढचीला गाठते आणि दोन्ही टोकं एकत्र वरखाली होतात. पुढचं टोक भरमसाट कडक करणारा सेट हा मेळ मोडतो. म्हणून पुढची एक स्प्रिंग इथून, मागची तिथून, असं जुळवू नका. आणि गॅस कटरने स्प्रिंग कापून गाडी उतरवणं तर कुणीही करू नये. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं, आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही.

स्टॅबिलायझर बार हा मला या सगळ्यातला सर्वांत हुशार खर्च वाटतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो गप्प राहतो. एकच बाजू दबली तर पीळ खाऊन विरोध करतो. रोल आवरतो आणि ब्रेकरवर फारसा त्रास देत नाही. त्याची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते: २२ मिलिमीटरचा बार २४ चा केला तर ४० टक्क्यांहून जास्त. पण कुठल्या टोकाला? पोलोसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या वळणात नाकाने बाहेर सरकतात. पुढचा बार जाड केला तर हा स्वभाव बहुधा वाढतो. मागच्या बाजूला बार जोडला तर गाडी वळणात शिरायला उत्सुक होते. मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा टॉर्शन बीम स्वतःच थोडाफार बारचं काम करतो, म्हणून भर हलकीच घालावी. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्या घाटात, जुलैच्या पावसात, वळणाच्या मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर फार कडक मागचं टोक झटकन बाहेर येतं. कोरड्या वर्धा रोडवर हे कधी कळणार नाही.

कॉइलओव्हरबद्दल, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र सेटबद्दल, थोडक्यात. उंची बदलता येते, डॅम्पिंग बदलता येतं, दिसतात छान. पण आपल्या धुळीत आणि पावसात त्यांचे आटे चिकटतात, आणि स्वस्त सेटमध्ये चाकाला वरखाली जायला जागा तोकडी असते. ट्रॅकवर जाणार असाल तर घ्या, नाहीतर तेच पैसे शॉकअपवर घाला.

कायद्याचंही पाहून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनीच्याच मापाचे नवे शॉकअप बसवणं ही दुरुस्ती आहे. उंची बदलणाऱ्या सुट्या भागांबद्दल मात्र आधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकून पाहतोच.

माझा क्रम असा: टायर, मग लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि स्ट्रट माउंटिंग, मग शॉकअप. एवढ्यावर महिनाभर गाडी चालवा. तरीही नाक बाहेर जातंय असं वाटलं तर मागचा बार. स्प्रिंग सर्वांत शेवटी, आणि त्याही माफक. यातलं काहीही बदललं तरी अलाइनमेंट नव्याने करावी लागते. त्या मशीनच्या पडद्यावर दिसणारे कॅम्बर आणि टोचे आकडे कसे वाचायचे आणि कारागिराला काय मागायचं, ते पुढच्या भागात.