चारी बाजूंनी खारं, विहिरीत गोडं!

'समुद्र बघितला काय?' असं आमच्या वर्गात विचारलं, तर अर्ध्या जणांचं उत्तर असतं, 'रीलमध्ये!' बावीस वर्षं माझंही तेच होतं. या हिवाळ्यात आम्ही चार मैत्रिणींनी ठरवलं, बस्स, आता मालवण. धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून कोकणकन्येनं कुडाळ, मग एसटी. दोन रात्री गाडीतच गेल्या. पण जेट्टीवर पोचलो अन् पाण्यात उभा सिंधुदुर्ग दिसला, तेव्हा थकवा-बिकवा सगळा विसरलो.

'खंयसून इलात?' होडीवाल्या काकांनी विचारलं.
'यवतमाळ.'
'म्हणजे नागपुराकडे मां?'
'हो काका, आमच्याकडे कापूस आहे, दर्या नाही!'

जंजिऱ्याला सिद्दी, गोव्यात पोर्तुगीज. समुद्रावर आपली सत्ता हवी, म्हणून शिवाजी महाराजांनी मालवणजवळचं कुरटे बेट निवडलं. २५ नोव्हेंबर १६६४ ला किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. सुमारे ४८ एकरांचा पसारा, पण दरवाजा असा बांधलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ मराठा किल्ल्यांत सिंधुदुर्गही आहे.

हे सगळं गुगलवर मिळतं. मी थांबले ती विहिरींपाशी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारी बाजूंनी खारं पाणी अन् या तीन विहिरींत गोडं! किल्ल्यात आजही मोजकी कुटुंबं राहतात.

मला २०१८ चा उन्हाळा आठवला. निळोणा आणि चापडोह, दोन्ही धरणांनी तळ गाठला होता. यवतमाळात नळ कोरडे, गल्लीत टँकर अन् शाळेतून आलं की दप्तर टाकून आधी गुंड घेऊन रांगेत उभं राहायचं. समुद्राच्या मधोमध पाणी आहे अन् आमच्या गावात नाही, हे काही डोक्यात बसेना.

यात जादू नाही. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर राहतं. पण हावरटासारखा उपसा केला, तर खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर बिघडते. म्हणजे मुरू द्यायचं आणि मोजून काढायचं. आपण नेमकं उलटं करतो. अंगणात सिमेंट, प्लॉटमागे बोअर अन् मे महिन्यात टँकरची वाट!

तुम्हीही जा. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणून ऑक्टोबरनंतरचा बेत करा. मालवणच्या बाजारातला गुळाचा खाजा घ्या, सोलकढी प्या, जमलं तर तारकर्लीही बघा. पण किल्ल्यात सेल्फी झाला की एकदा विहिरीत वाकून बघा.

घरी आले तेव्हा आई ड्रम भरत होती. 'कसा होता गं समुद्र?' तिनं विचारलं. मी आधी विहिरींचंच सांगितलं.